पृथ्वीचा गाभा अजून तापलेला का, आणि तो कधी निवणार?

मांडवीकर

साडेचारशे कोटी वर्षं होऊनही पृथ्वीच्या पोटातली उष्णता संपत का नाही? यावरून आमच्या घरात तट पडले आहेत. गोध्र्याजवळ तुव्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे आम्ही सगळे गेलो होतो. मुलगा नववीत आहे. त्याने विचारलं, हे पाणी पृथ्वीच्या गाभ्याने तापतं का? आणि तसं असेल तर गाभा एव्हाना गार कसा झाला नाही? मी म्हटलं, आत प्रचंड दाब आहे, म्हणून गरम. वडील म्हणाले, आत युरेनियम आहे, ते जळतंय. सौ.चं म्हणणं, पृथ्वी हा सूर्यातून सुटलेला गोळा आहे, तो अजून निवतोच आहे.

बडोद्यात तेलवाले आहेत, रिफायनरीवाले आहेत, विद्यापीठात शिकलेले-शिकवलेले आहेत. कुणीतरी नीट उलगडून सांगा. पोराला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

दांडियाबाजार

वाचतोय. तुव्याचा रस्ता सध्या कसा आहे तेही लिहा.

भूस्तर

मांडवीकर, तुमच्या वडिलांचं अर्धं खरं, वहिनींचं अर्धं खरं. तुमचं मात्र सोडून द्यावं लागेल.

आधी दाबाचं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना पंप तापतो, पण भरलेली ट्यूब रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी गार लागते. आतला दाब तेवढाच असतो. दाबण्याची क्रिया चालू असते तेवढ्यापुरतीच उष्णता मिळते, दाब नुसता टिकून राहिल्याने नवी उष्णता तयार होत नाही. पृथ्वीच्या केंद्राशी वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट दाब आहे. तो गाभ्याला तापता ठेवत नाही. त्याचा परिणाम वेगळाच आहे: तो लोखंडाचा वितळणबिंदू वर चढवतो. म्हणून सगळ्यात आतला गाभा सूर्याच्या पृष्ठभागाइतका तापलेला असूनही घन आहे आणि त्याच्या बाहेरचा गाभा द्रव आहे.

वहिनींचा गोळा सूर्यातून सुटलेला नाही. सूर्याभोवती वायू आणि धूळ यांची तबकडी होती, तिच्यातले लहानमोठे पिंड एकमेकांवर आदळत पृथ्वी वाढली. प्रत्येक टकरीची ऊर्जा उष्णता होऊन आत मुरली. मग वितळलेलं लोखंड जड म्हणून केंद्राकडे बुडालं, त्या बुडण्यातही प्रचंड उष्णता निघाली. पुढे मंगळाएवढा एक पिंड येऊन धडकला आणि त्या मलब्यातून चंद्र झाला असं मानतात. ही सगळी जन्माची शिदोरी. ती अजून निवते आहे, इथे वहिनी बरोबर.

वडिलांची बाजू म्हणजे किरणोत्सार. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० यांचे अणू आपोआप विघटन पावतात आणि उष्णता देतात. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळी होतं त्याच्या जेमतेम निम्मंच आजवर संपलं आहे. थोरियम-२३२ ला तर १,४०० कोटी वर्षं लागतात.

पृथ्वीच्या पृष्ठभागातून सतत सुमारे ४७ लाख कोटी वॅट एवढी उष्णता बाहेर पडते. ढोबळ मानाने तिच्यातली अर्धी किरणोत्साराची, अर्धी शिदोरीतली.

तुव्याचं पाणी गाभ्यापर्यंत जात नाही. गाभा सुरू होतो २,८९० किलोमीटर खाली. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून फार तर काही किलोमीटर उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

जुना रिगवाला

भूस्तरांनी पुस्तकातलं सांगितलं, मी हातानं पाहिलेलं सांगतो. माझी सगळी नोकरी खंभातच्या खोऱ्यात गेली. १९५८ ला लुणेजला तेल लागलं, १९६० ला अंकलेश्वर, तेव्हापासून हे खोरं पोखरणं चालू आहे.

विहीर खोदताना वरून मड, म्हणजे चिखलासारखा द्रव, आत सोडतात, तो बिटपर्यंत, म्हणजे खोदणाऱ्या टोकापर्यंत, जाऊन कटिंग, म्हणजे दगडाचा चुरा, घेऊन वर येतो. खाली जातो तेव्हा गार, वर येतो तेव्हा हात लावू देत नाही. शेल शेकरवर, म्हणजे चुरा गाळायच्या चाळणीवर, थंडीच्या दिवसांत पहाटे वाफा दिसायच्या. नवीन पोरं बघत उभी राहायची. मी त्यांना म्हणायचो, हा जमिनीचा ताप आहे, इंजिनाचा नाही.

मग लॉगिंगवाले, म्हणजे विहिरीत मोजमाप करणारे, केबलवर उपकरण सोडून बॉटम होल टेम्परेचर, म्हणजे तळाचं तापमान, घेतात. यात एक गोम आहे. मड फिरत असल्यामुळे तळाचा खडक तात्पुरता गार झालेला असतो, म्हणून पहिलं रीडिंग नेहमी कमी येतं. मड बंद करून थांबायचं, पुन्हा मोजायचं, आणि आकडा कसा चढतो त्यावरून खडकाचं खरं तापमान काढायचं. जगात सरासरी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढ धरतात. आमच्या खोऱ्यात ती ४० च्या आसपास मिळायची, कुठे कुठे त्याहून जास्त. म्हणजे तीन किलोमीटरवर दीडशे अंश. रबराचे सील कडक व्हायचे, इलेक्ट्रॉनिक्स दगा द्यायचं.

रशियाच्या कोला विहिरीचं नाव आम्ही आदराने घ्यायचो. १९७० ला सुरू केली, १९८९ ला १२,२६२ मीटरवर पोचले. तळाशी १८० अंश. अपेक्षा होती शंभरेक अंशांची. एवढं करून ते पृथ्वीच्या त्रिज्येचा पाचशेवा भागच उतरले होते.

रावपुरा_९०

काका, एक हिशोब करून पाहिला. त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. किलोमीटरला ३० अंश धरले तर केंद्राशी १ लाख ९१ हजार अंश होतात. आणि भूस्तर म्हणतात सूर्याच्या पृष्ठभागाइतकं, म्हणजे साडेपाच हजार. दोन्ही खरं कसं? कुठलातरी आकडा गडबड आहे.

कारेलीबागेतला विनायक

रावपुरा, या प्रश्नाने मोठमोठ्यांना चकवलं आहे.

१८६२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी नेमकी हीच तापमानवाढ हाताशी धरली. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती आणि नंतर घन होऊन निवत गेली असं मानलं. जितका काळ जास्त, तितकी वरच्या थरातली वाढ मंद. त्यावरून त्यांनी पृथ्वीचं वय २ कोटी ते ४० कोटी वर्षं काढलं, पुढे ते आणखी खाली आणत २ ते ४ कोटींवर आले. भूशास्त्रज्ञ आणि डार्विन दोघेही अडचणीत आले, कारण एवढा वेळ त्यांना पुरत नव्हता.

मग १८९६ मध्ये बेक्रेलला किरणोत्सार सापडला. १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रदरफर्डचं व्याख्यान होतं आणि समोर म्हातारे केल्विन बसलेले. रदरफर्डने चतुराईने मांडलं की उष्णतेचा नवा स्रोत सापडत नाही तोवर हे वय खरं, अशी अट लॉर्ड केल्विन यांनीच घातली होती, म्हणजे त्यांनी आजच्या शोधाची जणू आधीच सूचना दिली होती. ते ऐकून केल्विन यांचा चेहरा खुलला, असं रदरफर्डनेच सांगून ठेवलं आहे. थोडक्यात, किरणोत्सार धरला नाही म्हणून केल्विन चुकले.

भूस्तर

विनायक, गोष्ट सुरेख सांगितली. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही आणि त्यावर मला जरा लांब बोलायचं आहे. पाठ्यपुस्तकांतून हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यामुळे जॉन पेरी या माणसावर अन्याय होतो.

पेरी हे केल्विन यांचे एकेकाळचे साहाय्यक. गुरूबद्दल अतिशय आदर असलेले. त्यांनी १८९५ मध्ये, म्हणजे किरणोत्साराचा शोध लागायच्या एक वर्ष आधी, गुरूच्या हिशोबातली खरी फट दाखवली. केल्विन यांनी पृथ्वी आतून-बाहेरून एकसारखी घन धरली होती, उष्णता फक्त खडकातून झिरपत बाहेर येते असं मानलं होतं. पेरी म्हणाले, पृथ्वीचा आतला भाग जर थोडासाही वाहता असेल, तर तो ढवळत राहील आणि खोलातली उष्णता वर आणत राहील. मग वरच्या कवचातली तापमानवाढ कितीतरी जास्त काळ टिकेल. त्यांच्या हिशोबाने वय २०० ते ३०० कोटी वर्षांपर्यंत जाऊ शकत होतं. किरणोत्साराचा एक कणही न धरता!

उलट बाजूने बघा. केल्विन यांची एकसंध घन पृथ्वी तशीच ठेवली आणि तिच्यात नुसता किरणोत्सार मिसळला, तर वयाचं उत्तर फारसं बदलत नाही. कारण कोट्यवधी वर्षांतही उष्णता झिरपत वर येते ती वरच्या शंभरेक किलोमीटरमधलीच. त्याखालची पोचतच नाही.

रावपुरा, तुमच्या १ लाख ९१ हजारांचं उत्तर यातच आहे. किलोमीटरला ३० अंश ही वाढ फक्त वरच्या कडक थराच्या वरच्या भागातली, खाली ती मंदावत जाते. साधारण शंभर किलोमीटरवर तापमान १,३०० अंशांच्या आसपास पोचतं आणि तिथून खाली खडक, घन असूनही, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकतो. गरम खडक वर येतो, गार खाली जातो. अशा ढवळल्या जाणाऱ्या थरात तापमान किलोमीटरला अर्धा अंशसुद्धा वाढत नाही. मग गाभ्याच्या सीमेवर एक मोठी उडी असते, तिथे ४,००० च्या आसपास, आणि केंद्राशी ५ ते ६ हजार.

रावपुरा_९०

हे मला बारावीपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. एक मात्र पटत नाही. प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला थर, घन कसा? ज्वालामुखीतून तर लाव्हा येतो. आत सगळा लाव्हाच भरलेला असणार ना?

प्राजक्ता_अलकापुरी

रावपुरा, भूकंपाच्या लाटांनी याचा निकाल लावला आहे. भूकंपाच्या आडव्या लाटा द्रवातून जात नाहीत, आणि प्रावरणातून त्या व्यवस्थित जातात. लाव्हा होतो तो वर येणाऱ्या गरम खडकावरचा दाब कमी झाल्यामुळे, आणि तोही खडकाचा थोडासा अंश वितळून.

यात आपल्याकडचा एक दुवा आहे. रिचर्ड ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा त्यांनी सखोल अभ्यास केला, नोंदींमधल्या वेगवेगळ्या लाटा ओळखल्या, आणि १९०६ मध्ये अशाच नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे दाखवलं. त्याच्या आतला घन गाभा इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये शोधला. डेन्मार्कच्या या बाईंनी केवळ लाटांच्या नोंदींवरून, कागदावर, ५,००० किलोमीटर खोलीवरची वस्तू शोधली. मी वर्गात हा भाग शिकवते तेव्हा दरवेळी थांबते.

आता मांडवीकरांच्या बाबांबद्दल. एक तर युरेनियम जळत नाही, त्याचे अणू आपोआप फुटत राहतात. दुसरं जास्त महत्त्वाचं: ते गाभ्यात जवळपास नाहीच! जड आहे म्हणून तळाशी गेलं असेल असं वाटतं, पण युरेनियम आणि थोरियम यांना लोखंडापेक्षा खडकाची संगत आवडते. पृथ्वी वितळलेली असताना लोखंड खाली गेलं आणि ही दोन्ही खडकाबरोबर वर राहिली. म्हणून ती प्रावरणात आणि कवचात आहेत, ग्रॅनाइटमध्ये तर विशेष. म्हणजे ‘पृथ्वी गरम का’ आणि ‘गाभा गरम का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर निम्मं किरणोत्सार, निम्मी जन्माची शिदोरी. दुसऱ्याचं उत्तर मुख्यतः शिदोरीच. गाभ्यात थोडं पोटॅशियम असावं का, यावर अजून वाद आहे.

आणि हे नुसतं अनुमान नाही. किरणोत्सारी विघटनातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निघतात आणि पृथ्वी भेदून बाहेर येतात. जपानमधल्या कामलँड प्रयोगात ते पकडले गेले. २०११ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार युरेनियम आणि थोरियम मिळून सुमारे २० लाख कोटी वॅट देतात. भूस्तरांचं ‘अर्धी’ आलं ते इथून.

जुना रिगवाला

न्यूट्रिनोवरून आठवलं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो पकडले होते, जगात पहिल्यांदाच ज्या दोन ठिकाणी पकडले त्यातलं हे एक. तिथेही खाण तीन किलोमीटरच्या पलीकडे खोल होती आणि खडक साठ अंशांवर तापलेला. माणसं त्यात काम करायची. त्यांना नमस्कार.

सुमन_सयाजीगंज

माझा प्रश्न साधा आहे. आमच्या लहानपणी वडीलधारे सांगायचे, पावागड हा ज्वालामुखी आहे. नातवंडं विचारतात, तो पुन्हा पेटेल का? माताजीच्या दर्शनाला आम्ही दरवर्षी जातो.

भूस्तर

सुमनताई, निर्धास्त जा. पावागड ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतला. खालचे थर बेसॉल्टचे, म्हणजे सह्याद्रीचाच काळा दगड, आणि माथ्याकडे रायोलाइट हा दुसरा ज्वालामुखी दगड, तो दख्खनच्या पठारात फार कमी ठिकाणी सापडतो. विद्यार्थ्यांना दाखवायला इतकी चांगली जागा दुसरी नाही. माचीवरून चढताना दगडाचा रंग आणि पोत बदलत जातो तो बघा.

ज्या गरम खडकाच्या उसळीने दख्खन व्यापलं ती अजून चालू आहे, आपण तिच्यावरून सरकून आलो. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे निघून गेला. ती उसळी आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. अशा उसळ्या गाभ्याच्या सीमेपासून निघतात असं अनेकांचं मत आहे. तसं असेल तर पावागडाच्या दगडात गाभ्याच्या उष्णतेचा हात आहे असं म्हणता येईल.

दांडियाबाजार

म्हणजे विश्वामित्री पावागडावरून निघते, तिच्या मगरी पण ज्वालामुखीच्या लेकी! तुव्याच्या रस्त्याचं कुणी सांगेना.

मांडवीकर

रस्ता गोध्र्यापर्यंत उत्तम, पुढे थोडा अरुंद. सकाळी लवकर निघा.

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्नाचा दुसरा भाग राहिला आहे. थंड होणार का? शाळेत पोराला सांगितलंय की गाभा थंड झाला की चुंबकीय क्षेत्र जाईल, वातावरण उडून जाईल आणि मंगळासारखं होईल. तेव्हापासून तो त्यावरच विचारतो.

प्राजक्ता_अलकापुरी

त्याला एक गोष्ट सांगा, त्याला आवडेल. चुंबकीय क्षेत्र आहे तेच मुळी गाभा निवतो आहे म्हणून.

पृथ्वीच्या आत कायमचा चुंबक असूच शकत नाही. लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं. क्षेत्र तयार होतं ते बाहेरच्या गाभ्यातल्या द्रव लोखंडाच्या हालचालीमुळे. ते लोखंड हलत राहायला हवं असेल तर त्यातून उष्णता सतत वर निघून जायला हवी. शिवाय द्रव लोखंड गोठून आतल्या घन गाभ्याला चिकटतं, तेव्हा गोठण्याची उष्णता सुटते आणि हलकी मूलद्रव्यं द्रवातच उरून वर चढतात. त्यानेही ढवळणं चालू राहतं. गाभा निवायचा पूर्ण थांबला तर क्षेत्र टिकणार नाही, मग तो कितीही गरम असो.

या क्षेत्राच्या नोंदी आपल्याकडे कुलाब्याला १८४१ पासून ठेवल्या जात आहेत. मुंबईच्या ट्राम विजेवर जाणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील हे ओळखून तिथल्या वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला नेली, १९०४ मध्ये. अलिबागला गेलात तर समुद्रावरून परत येताना ती जागा मुलाला दाखवा.

कारेलीबागेतला विनायक

मंगळाचा गाभा थंड होऊन दगड झाला हे तरी खरं ना?

प्राजक्ता_अलकापुरी

नाही. इनसाइट यान २०१८ मध्ये मंगळावर उतरलं, त्याने तिथल्या कंपांच्या नोंदी घेतल्या. मंगळाच्या गाभ्याचा बराच मोठा भाग आजही द्रव आहे. तरी त्याचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीच थांबलं, कारण ढवळणं थांबलं. आणि शुक्राला स्वतःचं असं क्षेत्र नसूनही त्याचं वातावरण आपल्या नव्वद पट दाबाचं आहे. म्हणून ‘क्षेत्र गेलं की हवा गेली’ हे इतकं सरळ नाही.

रावपुरा_९०

पुन्हा हिशोब करतो. आतला घन गाभा १,२२० किलोमीटर त्रिज्येचा, सगळा गाभा ३,४८० चा. राहिले २,२६०. वर्षाला एक मिलिमीटर वाढतो असं वाचलं, म्हणजे २२६ कोटी वर्षांत सगळा गोठेल. बरोबर?

भूस्तर

पद्धत बरोबर, पण गोलाचं घनफळ विसरू नका. त्रिज्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त झाली असली तरी घनफळाने गाभ्याचा जेमतेम ४ टक्के भागच गोठला आहे, आणि तेवढ्याला ५० कोटी ते १५० कोटी वर्षं लागली असावीत असे अंदाज आहेत. पुढचा प्रत्येक मिलिमीटर आधीच्यापेक्षा मोठ्या गोलावर चढवायचा आहे, म्हणजे जास्त लोखंड, जास्त उष्णता बाहेर टाकणं. शिवाय उरलेल्या द्रवात हलकी मूलद्रव्यं साठत जातात आणि तो गोठायला आणखी थंड व्हावा लागतो. गाभ्याची उष्णता २,८९० किलोमीटरच्या खडकातून वाट काढते. अब्ज वर्षांत ती शंभरेक अंशांनी उतरते असा ढोबळ अंदाज आहे.

साधारण १०० कोटी वर्षांत सूर्य इतका प्रखर होईल की समुद्र टिकणार नाहीत. ५०० कोटी वर्षांनी तो फुगायला लागेल. गाभा तोवर पूर्ण गोठलेला नसेल. तेव्हा मांडवीकर, उत्तर असं: निवतो आहे, सतत निवतो आहे, पण पूर्ण निवायला त्याला वेळ मिळणार नाही.

सुमन_सयाजीगंज

एवढी उष्णता खाली आहे तर तिच्यावर वीज का करत नाहीत? आणि केली तर गाभा लवकर नाही ना निवणार?

जुना रिगवाला

सुमनताई, गाभ्याला पत्ताही लागणार नाही. आपण काढणार वरच्या चार-पाच किलोमीटरमधली उष्णता. मात्र एका जागेवरून भराभर काढली तर ती विहीर गार पडते आणि पुन्हा तापायला बरीच वर्षं घेते. लडाखला पुगाच्या खोऱ्यात काम हाती घेतलं आहे. आपल्या गुजरातेत धोलेऱ्याच्या गरम पाण्यावरही प्रयोग झाले.

ही उष्णता एकूण अफाट असली तरी फार पसरलेली आहे. चौरस मीटरला ०.०९ वॅट. हजार चौरस फुटांच्या घराखालून आठेक वॅट, एक छोटा एलईडी बल्ब. म्हणून जिथे ती निसर्गतः एकवटली आहे तिथेच विहीर परवडते. माझ्या मते खंभातच्या जुन्या, तेल संपलेल्या विहिरींचा यासाठी गंभीरपणे विचार व्हायला हवा. भोक पाडायचा खर्च आधीच झालेला आहे.

मांडवीकर

मुलाला सगळा धागा वाचायला दिला. त्याने एकच विचारलं: तिथे कुणी गेलेलं नाही, थर्मामीटर पोचत नाही, मग पाच-सहा हजार अंश हे कळलं कसं?

प्राजक्ता_अलकापुरी

शाब्बास. त्याला सांगा, ५,१५० किलोमीटर खोलीवर घन गाभा संपतो आणि द्रव सुरू होतो, ही सीमा भूकंपाच्या लाटांवरून पक्की माहीत आहे. जिथे घन आणि द्रव लोखंड एकमेकांना लागून आहेत, तिथलं तापमान त्या दाबाला लोखंडाच्या वितळणबिंदूएवढंच असणार. मग प्रयोगशाळेत दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा कण दाबायचा, लेसरने तापवायचा आणि तो केव्हा वितळतो ते क्ष-किरणांनी बघायचं. फ्रान्समध्ये ग्रनोबलला २०१३ मध्ये हे केलं. गाभ्याएवढा दाब गाठता आला नाही, पण जेवढा गाठला त्यावरून पुढचा हिशोब करून उत्तर आलं सुमारे ६,००० अंश, पाचशे इकडे-तिकडे. गाभ्यात लोखंडाबरोबर हलकी मूलद्रव्यंही आहेत, त्यामुळे खरा आकडा काहीसा कमी असू शकतो.

मांडवीकर

सांगितलं. आता तो विचारतोय, ती हलकी मूलद्रव्यं नेमकी कोणती.

भूस्तर

गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन, ही सगळी उमेदवार आहेत. कुणाचं प्रमाण किती, यावर जगभर काम चालू आहे. दहावीनंतर विज्ञान घेतलं तर विद्यापीठात भूशास्त्र विभागात घेऊन या त्याला, तिथले खडकांचे नमुने दाखवायला मी स्वतः येईन.